तान्ह्या बाळाचा सांभाळ गावाचा विषय कधी होणार?

कोकणातल्या ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घरात ते कसे वाढवावे यावरून सध्या एक न मिटणारा वाद चालू असतो. आजीला बाळाची टाळू तेलाने भरायची असते. बाळंतपणासाठी डोंबिवलीहून माहेरी आलेल्या लेकीला तिथल्या डॉक्टरांनी तसे करण्याची गरज नाही असे सांगितलेले असते. मोबाइलवर कुणी परदेशातली आई सहा महिन्यांच्या बाळाला वेगळ्या खोलीत एकटे झोपवण्याचे फायदे समजावत असते, आणि पुढच्याच व्हिडिओत आपली गुटी, आपली शेकशेगडी, आपली धुरी हेच बालसंगोपनाचे खरे शास्त्र आहे असे तितक्याच ठामपणे कुणी सांगत असते. दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे, आणि त्यातल्या काही मुद्द्यांचा संबंध थेट बाळाच्या जिवाशी असल्यामुळे त्यांचा निकाल लागायलाही हवा. पण सगळी शक्ती या वादात खर्च होते आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हे मूल कुणाच्या हातात असणार, हा त्याहून मोठा प्रश्न घरातल्या बाईने एकटीने सोडवायचा असे गृहीत धरले जाते. जगभर मूल वाढवण्याच्या रीती कितीही वेगळ्या असल्या, तरी बहुतेक समाजांनी तान्ह्या मुलासाठी आईखेरीज आणखी माणसांची सोय लावलेली दिसते. कोकणात ज्या माणसांवर ही सोय उभी होती, ती माणसे गेल्या दोन-तीन पिढ्यांत पांगली आहेत. त्यांची जागा आता सार्वजनिक खर्चाने भरून काढणे हे शासनाचे आणि ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी पद्धतींचा प्रश्न घेऊ. डेन्मार्कमध्ये ऐन थंडीतही बाळाला उबदार कपड्यांत गुंडाळून बाबागाडीत घराबाहेर किंवा उपाहारगृहाबाहेर झोपवून ठेवण्याची जुनी रीत आहे आणि मोकळ्या हवेत बाळ चांगले झोपते अशी तिथल्या पालकांची धारणा आहे. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईने तेच केले, तेव्हा पोलिसांनी तिला अटक केली आणि तिचे मूल काही दिवस सरकारी ताब्यात ठेवण्यात आले. याच्या उलट घटना २०११ साली नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात घडली. तिथल्या बालकल्याण यंत्रणेने एका भारतीय दाम्पत्याची दोन लहान मुले ताब्यात घेतली आणि मुलांना हाताने भरवणे, आपल्याजवळ झोपवणे याही गोष्टी त्यांच्याविरुद्ध धरल्या गेल्याचे वृत्त आपल्याकडे प्रसिद्ध झाले. सांस्कृतिक फरक हे कारण असल्याचे त्या यंत्रणेने नाकारले. त्या कुटुंबाच्या बाबतीत खरे काय घडले याचा निवाडा इथे करण्याचे कारण नाही. पण बाळाला कुशीत घेऊन झोपणे आणि वरणभाताचा घास हाताने भरवणे हा गुन्हा ठरू शकतो, या नुसत्या बातमीने इथल्या कित्येक आया हादरल्या होत्या, हे मला चांगले आठवते.

जपानमध्ये आईबापांच्या मध्ये बाळ झोपवण्याची आणि बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आपल्यासारखीच आहे. ताजिकिस्तानात बाळाला दिवसाचे कित्येक तास पाळण्यात हातपाय बांधून ठेवतात. ती मुले पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिरा चालू लागतात आणि पुढे काही वर्षांत त्यांच्या बरोबरीने धावतात. मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांत बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळाच्या हाताच्या अंतरावर असतो किंवा त्याला उचलून घेतलेला असतो, अशी नोंद बॅरी ह्युलेट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने केली आहे. या सगळ्या रीतींनी धडधाकट, हसरी, माणसांत मिसळणारी माणसे घडली आहेत. आपली ती रीत आणि दुसऱ्याचा तो अन्याय, असे मानण्याची घाई म्हणूनच कुणी करू नये.

मापे लावतानाही हीच काळजी घ्यावी लागते. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाळाची आईशी असलेली जवळीक पारखण्यासाठी एक चाचणी तयार केली. तिच्यात अनोळखी खोलीत आई थोडा वेळ बाळाला सोडून जाते आणि ती परतल्यावर बाळ कसे वागते ते पाहिले जाते. हीच चाचणी जपानमधल्या साप्पोरो शहरात घेतली तेव्हा अनेक बाळे अनावर रडली आणि आई परतल्यावरही शांत होईनात. उत्तर जर्मनीत घेतली तेव्हा बरीच बाळे आईकडे वळलीच नाहीत. अमेरिकन कसोटीने पाहिले तर दोन्हीकडची बाळे असुरक्षित ठरत होती. खरे कारण इतकेच की जपानी बाळाला एकटे राहण्याची सवयच नव्हती, आणि जर्मन आयांनी बाळाने लवकर स्वावलंबी व्हावे म्हणून जाणीवपूर्वक प्रयत्न केले होते. वेंगुर्ल्याच्या किंवा श्रीवर्धनच्या बाळाला अशा खोलीत सोडले तर तेही आकांत मांडील, आणि त्यात त्याच्या आईचे काहीही चुकलेले नसेल.

शिवाय पश्चिमेकडचा सल्लाही एका जागी स्थिर राहिलेला नाही. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली ट्रूबी किंग या डॉक्टरांनी सुरू केलेल्या संस्थेने बाळाला घड्याळ लावून चार-चार तासांनी पाजावे आणि रात्री पाजूच नये अशी शिस्त घालून दिली. १९२८ साली जॉन वॉटसन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तर मुलांना मिठी मारू नये, मुके घेऊ नयेत, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे असे आईबापांना लिहून सांगत होते. आज त्याच देशांतले डॉक्टर बाळाला मागेल तेव्हा पाजायला आणि उघड्या छातीशी धरायला सांगतात, म्हणजे आपल्या आज्या निरक्षर असूनही जे करत होत्या तेच. पालथे झोपवण्याचा सल्ला तर जीवघेणा ठरला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य डॉक्टरांनी तो दिला, आणि १९९० नंतर न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेत बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम काढल्यावर पाळण्यातले अकस्मात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

याचा अर्थ आपले सगळे जुने ते सोने, असा कुणी घेऊ नये. पहिल्या दिवसाचे चिकाचे दूध पिळून टाकणे घातक आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवण्याने बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाजारच्या काजळात शिसे असू शकते. नाकाकानांत तेल सोडणे धोक्याचे आहे, आणि बंद खोलीतली शेगडी व धुरी बाळाच्या फुप्फुसांना त्रास देते. ज्या रीतीने बाळाच्या जिवाला किंवा वाढीला धोका असल्याचे सिद्ध झाले आहे ती सोडायची, मग ती आजीची असो वा एखाद्या नामांकित डॉक्टरची. आणि ज्या रीतीत धोका नाही तिथे ज्याला त्याला आपापल्या घरच्या चालीने वागू द्यायचे. हा निकष साधा आहे आणि तो लावला तर घराघरांतले निम्मे वाद मिटतील.

तेव्हा आता आपल्याकडच्या एका जुन्या रीतीकडे जरा जवळून पाहू. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाई सकाळी येते, न्हाणीत पाट टाकून पाय लांब सोडून बसते, लुगडे गुडघ्यांच्या वर खोचते आणि बाळाला आपल्या नडग्यांवर पालथे घेते. कोमट खोबरेल पाठीवरून खाली, मांड्यांवरून टाचांपर्यंत जिरवत नेते. मग बाळाला उताणे करून डावा हात आणि उजवा पाय, उजवा हात आणि डावा पाय असे तिरपे जुळवते, चुलीवरच्या हंड्यातले पाणी कोपराने पारखून घेते आणि डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळाशी हाताचा आडोसा धरून ते ओतते. बाळ बेंबीच्या देठापासून रडते आणि दुपट्यात घट्ट गुंडाळल्यावर दोन-तीन तास गाढ झोपते. तेलाचे गुण किती आणि चोळण्याचे किती, यावर तज्ज्ञ बोलत राहोत. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी दिसते. त्या दोन-तीन तासांत बाळंतीण झोपते. तिच्या अंगाला तेल लागलेले असते, पोटात गरम पेज गेलेली असते, आणि बाळाची पूर्ण जबाबदारी काही काळ एका जाणत्या, सरावलेल्या, बाहेरून आलेल्या बाईने उचललेली असते. ती बाई नात्यातली असतेच असे नाही. तिला साडीचोळी, तांदूळ, नारळ आणि पैसे दिले जातात. मोबदला घेऊन दुसऱ्याचे बाळ हाताळणारी जाणती बाई कोकणाला परकी नाही, हे आजच्या चर्चेत विसरले जाते.

मानववंशशास्त्राने गेल्या काही दशकांत नेमका हाच मुद्दा पुढे आणला आहे. सारा हर्डी यांनी असे मांडले की माणसाचे मूल इतके परावलंबी आणि इतक्या उशिरा स्वतःचे पोट भरण्याजोगे होते, की एकट्या आईच्या बळावर ते जगणे प्राचीन काळी शक्यच नव्हते. आजी, मावशी, थोरली भावंडे, बाप, शेजारी यांनी मिळून मूल वाढवणे हीच माणसाची मूळ रीत होती. टांझानियातल्या हाद्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स यांना दिसले की आईला नवे बाळ झाल्यावर तिच्या आधीच्या मुलांचे पोट आजीने खणून आणलेल्या कंदमुळांवर अवलंबून असते. काँगोतल्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांत तान्हे बाळ दिवसभर या कडेवरून त्या कडेवर फिरते आणि आईखेरीज दुसऱ्या बायाही त्याला पाजतात. आपल्या पडवीत आणि ओटीवर जे चालत असे, ते याच जातीचे होते.

मात्र त्या पडवीचे चित्र रंगवताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या घरातले जादा हात कुणाचे होते? ते आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीचे होते, जी धाकट्याला कडेवर घेऊन फिरत असल्यामुळे शाळेत गेली नाही. ते नवरा मुंबईच्या गिरणीत आणि आपण गावी, अशा सुनेचे होते. आणि ब्राह्मण व इतर काही जातींत ते बालपणी विधवा झालेल्या आत्याचे होते, जिला स्वतःचा संसार नाकारलेला होता आणि म्हणून जिने भावाची मुले वाढवायची हे ठरूनच गेलेले होते. मूल अनेकांच्या अंगाखांद्यावर वाढणे ही चांगली गोष्ट आहे. पण ते हात जबरीने, मोबदल्याविना, मुलींच्या शिक्षणाचा आणि विधवांच्या आयुष्याचा बळी देऊन मिळवलेले होते. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी असे म्हणणाऱ्याने आधी तिची ही किंमत मोजावी.

आणि ती परत येणारही नाही, कारण माणसेच राहिलेली नाहीत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, ही पुरुषांच्या स्थलांतराचीच खूण होती. त्यानंतर सुनाही मुंबईला गेल्या, ते योग्यच झाले. वाड्यावाड्यांत कुलपे लागलेली घरे आहेत. पट कमी म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळा बंद पडत आहेत. विरार, नालासोपारा, दिवा इथल्या एका खोलीत नवरा-बायको दोघेही कामावर जातात आणि बाळ वर्षाचे होण्याआधीच दोनांपैकी एक मार्ग धरावा लागतो: गावाहून आजीला बोलवायचे, किंवा बाळाला गावी आजीकडे ठेवायचे. पहिल्यात आजी आपले घर, गुरे, परसू आणि म्हातारा नवरा सोडून चौथ्या मजल्यावर कोंडली जाते. दुसऱ्यात मूल आईबापांना शिमग्याला आणि गणपतीला भेटते. आजी आनंदाने करते, हे खरे. पण तिच्या आनंदावर सगळ्या जिल्ह्याच्या बालसंगोपनाची मदार ठेवणे हे धोरण म्हणता येणार नाही.

गावी राहिलेल्या आयांची स्थिती तर अधिक बिकट आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहानशा काजू कारखान्यात मी पाहिलेली एक आई इथे सांगणे भाग आहे. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस बाया काजूची बी फोडत होत्या. टरफलातला चीक बिब्ब्यासारखा उततो, म्हणून हातांना राख आणि एरंडेल लावलेले. त्या बाईचा एक पाय कटरच्या पेडलवर होता आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधलेली होती. दोरीचे दुसरे टोक मागे वाशाला टांगलेल्या जुन्या साडीच्या झोळीला होते आणि झोळीत तिचे आठ-नऊ महिन्यांचे मूल होते. ते रडले की ती हात साबणाने खसखसून धुवायची, कारण चिकाचा हात बाळाला लागता कामा नये, मग बाहेर जाऊन पाजायची आणि परत येऊन हातांना राख लावायची. मजुरी फोडलेल्या किलोवर असल्यामुळे प्रत्येक पाजण्याला तिची मजुरी कापली जात होती. मी विचारले तेव्हा ती इतकेच म्हणाली, ''घोव दर्यार, सासू थकली. चेडवाक खंय ठेवू?'' (नवरा समुद्रावर, सासू थकलेली. पोरीला कुठे ठेवू?) बंदरावर मासळीच्या लिलावाला बसणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या, चिरेखाणीवर दगड उचलणाऱ्या आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बायांपाशीही या प्रश्नाचे उत्तर नाही.

कोकणातली बाळे आता केवळ कोकणी आईबापांची राहिलेली नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे. देवगड-रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे राहतात, मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी असतात, चिरेखाणींवर उत्तर कर्नाटकातली कुटुंबे असतात. कलमांखालच्या झोपडीसमोर उन्हात बसून पाय लांब सोडून बाळाला मोहरीच्या तेलाने चोळणारी नेपाळी आई पाहिली की न्हाणीतल्या आपल्या बाईचीच बैठक डोळ्यांसमोर येते. तेल तेवढे वेगळे. तिच्यापाशी मात्र ना सासू आहे, ना जाऊ, ना भाषा समजणारी शेजारीण. तिच्या बाळाचे वजन कोण करते, त्याला लस कुठल्या गावच्या नोंदीतून मिळते, हे बागायतदारानेही विचारलेले नसते. जी बाळे आपल्या आंब्याच्या आणि मासळीच्या जोरावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेच्या सावलीत वाढत आहेत, ती आपलीच मानली पाहिजेत.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते याच किनाऱ्यावर एकदा सापडलेले आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम उभे केले आणि १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. अनुताई स्वतः बालविधवा होत्या, म्हणजे जुन्या व्यवस्थेने ज्यांना भावाची मुले सांभाळण्यापुरते उरवले असते अशांपैकी एक. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. आजची अंगणवाडी तिथून आली. १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत काम सुरू झाल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. थोरली मुले शाळेत येत नव्हती कारण ती घरी धाकट्यांना सांभाळत होती. म्हणून विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली; बहिणीने भावाला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे. जे गुरे राखत त्यांच्यासाठी कुरणावर वर्ग भरवला. मादाम मॉन्टेसरी यांच्या पद्धतीतून त्यांनी घेण्यासारखे घेतले, पण महागडी परदेशी साधने न आणता शिंपले, बिया, दगड आणि पाने वापरली. दुसऱ्या संस्कृतीकडून शिकण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण त्या प्रवासात पाळणाघर मागे पडले. आजची अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास सांभाळते, खाऊ देते, शिकवते. तीन वर्षांखालच्या मुलाचे तिथे वजन होते, लसीकरण होते, त्याच्या आईला घरी नेण्याचा आहार मिळतो. पण ते मूल दिवसभर ठेवता येत नाही. माणसाच्या मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते त्याच वयासाठी गावात जागा नाही.

कायद्यांनीही ही पोकळी भरलेली नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघराची अट होती, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० हून अधिक स्त्री कामगारांची. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही मिळाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमावे असे म्हटले होते. या सगळ्या तरतुदी चांगल्या हेतूने केलेल्या आहेत, परंतु त्या मोठ्या आस्थापना आणि मोठे गट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत. कोकणातले काम पाच, दहा, वीस बायांच्या तुकड्यांत चालते. काजूची शेड, कोळंबी सोलण्याची जागा, आंब्याच्या पेट्या भरण्याचे खळे, नदीकाठची भट्टी. इथे कायद्याचा आकडा क्वचितच भरतो, आणि म्हणून मालकावर जबाबदारी येत नाही. वेगवेगळ्या मालकांकडच्या बाया एकाच वाडीतल्या असतात, तेव्हा पाळणाघर मालकाच्या आवारात न मागता वाडीत मागावे लागेल, आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून यावा लागेल. त्यात मालकांकडूनही वर्गणी घ्यावी, कारण बाया निर्धास्त असतील तर माल त्यांचाच अधिक निघतो.

हे अशक्य नाही, हे इतरांनी दाखवले आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवर पाळणाघर सुरू केले आणि मोबाइल क्रेशेस ही संस्था त्यातून उभी राहिली. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने खेड्यांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'फुलवारी' चालवल्या, जिथे गावातल्याच बाया मुलांना सांभाळतात आणि भरवतात. शेजारच्या कर्नाटक सरकारने २०२३ साली चार हजार ग्रामपंचायतींत 'कूसिना मने' ही पाळणाघरे काढण्याचे ठरवले. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. स्वीडनने १९७४ साली आईबाप दोघांसाठी सामाईक पालक-रजा आणली, तिचे आज ४८० दिवस झाले आहेत. आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक पालकाला त्यातले ४५ दिवसांपर्यंतचे भत्त्याचे दिवस आजी-आजोबांना किंवा दुसऱ्या कुणाला देता येतात. ज्या देशाला आपण एकट्यादुकट्या कुटुंबांचा देश समजतो, त्याने आजीच्या श्रमाला पैशाचे मोल दिले, आणि आजीची थोरवी सांगताना न थकणाऱ्या आपण तिला कधी छदामही दिला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. मूल आईपासून तुटेल, हा पहिला. जी आई दिवसभर राखेच्या हातांनी काम करून मूल अंगठ्याच्या दोरीने झुलवते, तिच्यापासून ते आजच तुटलेले आहे. वाडीतल्या पाळणाघरात ती दोन वेळा जाऊन निवांत पाजू शकेल. दुसरा आक्षेप असा की संस्थेत मूल एकसुरी वाढते आणि घरची भाषा, घरचे संस्कार हरवतात. ही भीती अगदी रास्त आहे आणि म्हणूनच पाळणाघराचा नमुना मुंबईहून छापून येता कामा नये. बाळाला खोबरेलाने चोळायचे की मोहरीच्या तेलाने, झोळीत झोपवायचे की गोधडीवर, मालवणीत गायचे, आगरीत की नेपाळीत, हे त्या त्या घरावर सोडावे. बाळ पाठीवर झोपले पाहिजे, झोळीत त्याची मान छातीशी दुमडता कामा नये, एका बाईकडे चार-पाचांहून अधिक तान्ही नसावीत, नाचणीचे सत्त्व आणि मऊ भात वेळेवर मिळावा, एवढ्याच गोष्टींचा आग्रह सगळीकडे सारखा असावा. तिसरा आक्षेप पैशाचा. अंगणवाडी सेविकेला अजूनही पगार न देता मानधन दिले जाते, आणि ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तेवढ्याच मानधनात तिच्यावर तान्ह्या बाळांचाही भार टाकणे म्हणजे जुन्या आत्याचीच नवी आवृत्ती काढणे होईल. पाळणाघरासाठी वेगळ्या दोन बाया हव्यात, त्यांना किमान वेतन हवे आणि प्रशिक्षण हवे. न्हाऊ घालणाऱ्या अनुभवी बायांना त्यात पहिली संधी द्यावी. त्यांचे हात तयार आहेत, आणि वर सांगितलेल्या चार-पाच धोक्यांची माहिती त्यांना आठवडाभरात देता येते.

बापांबद्दल एक शब्द. पावसाळी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, बंदरालगतच्या घरांत जाळी तुणता तुणता बाळाला मांडीवर घेऊन बसलेले बाप मी दर वर्षी पाहतो आणि ते त्यात काही कमीपणा मानत नाहीत. आपले पुरुष हे करू शकत नाहीत, हे म्हणणे म्हणून खरे नाही. शासनाने मात्र बापाच्या रजेचा विचार खाजगी नोकऱ्यांसाठी अद्याप कायद्याने केलेला नाही, आणि तो व्हायला हवा.

सुरुवात ग्रामपंचायतीला करता येईल. स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधन तिच्यावर आहे, आणि हा निधी अनेक ठिकाणी शिवणयंत्रे आणि मेळावे यांतच संपतो. बंद पडलेल्या शाळांच्या इमारती पडून आहेत. त्यांना छप्पर आहे, आवार आहे, बहुतेक ठिकाणी विहीर किंवा नळ आहे. येत्या ग्रामसभेत बायांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वाडीत तीन वर्षांखालची मुले किती आहेत याची मोजणी, तीत बागांतल्या, भट्टीवरच्या आणि खाणीवरच्या कुटुंबांची मुले धरून, रिकाम्या शाळेची एक खोली, आणि पाळणाघराच्या वेळा त्या गावच्या कामाच्या वेळांप्रमाणे. हर्णैसारख्या बंदरावर लिलाव संध्याकाळी असतो, तिथे पाच वाजता बंद होणारे पाळणाघर उपयोगाचे नाही. काजूच्या गावी ते सकाळी आठच्या आत उघडावे लागेल, आणि आंब्याच्या हंगामात, मार्च ते मे, रविवारीही चालू ठेवावे लागेल.